२९ जुलै १९९३ : पिवळ्या बसचा सत्याग्रह

क्यूबाशी व्यापार करण्यास अमेरिकी सरकारने १९६२ पासून जी मनाई जारी केली होती, तिला उघड हरकत घेण्याच्या हेतूने रेव्हरंड लुशियस वॉकर यांच्या ‘पास्टर्स फॉर पीस’ या संघटनेने मदतीचे सामान भरून काढलेला वाहनांचा तांडा टेक्ससमधील लारेडोच्या सरहद्दीवर आला असता, जकातखात्याच्या अंमलदारांनी त्यातील एक छोटी पिवळी शाळेची बस या दिवशी जप्त केली. परवान्यासाठी रीतसर अर्ज केला असता तर मार्ग कदाचित मोकळा झालाही असता. परंतु अर्ज करणे म्हणजे निर्बंधाची वैधता मान्य करणे होय, अशी या मंडळींची धारणा असल्यामुळे तो मुद्दामच केलेला नव्हता. (सविनय कायदेभंगाची ही रीत आपल्या वाचकांस अपरिचित नाही.) बसमधील तेरा जण खाली उतरेनात. टेक्ससच्या ऐन उन्हाळ्यात, तापलेल्या पत्र्याखाली, अन्न वर्ज्य करून त्यांनी २३ दिवस काढले, तेव्हा कोठे सरकारने बस सोडली आणि ती परवान्याविनाच क्यूबास रवाना झाली. वॉकर यांस अशा प्रसंगांचे अप्रूप नसावे. १९८८ मध्ये निकाराग्वात काँट्रा बंडखोरांनी प्रवासी नौकेवर केलेल्या गोळीबारात ते जखमी झाले होते, आणि ही संघटना त्यानंतरच उभी राहिली.