क्रिस्तपुराणातील तारक आणि साष्टीचा नवख्रिस्ती समाज

गोव्यातील धर्मांतराच्या इतिहासाची चर्चा सामान्यतः दोन पक्षांकडून होत आली आहे. एक पक्ष सत्ता, दंड आणि प्रलोभन यांचा हिशेब मांडतो. दुसरा पक्ष धर्मोपदेशकांच्या पत्रांतील ईश्वरी कृपेच्या वर्णनांवर भिस्त ठेवतो. पहिल्या पक्षाजवळ पुराव्याची वाण नाही, आणि दुसऱ्याच्या साधनांसही स्वतःचे मोल आहे. तथापि दोहोंच्या मांडणीत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. ज्यांचे धर्मांतर झाले, किंवा ज्यांच्या आईबापांचे झाले, ते लोक त्या नव्या श्रद्धेत पुढे पिढ्यान्‌पिढ्या राहिले ते कशाच्या आधारावर? दंडाने देऊळ पाडता येते, माणसाला चर्चच्या दारापर्यंत आणता येते. पण मरणाच्या वेळी त्याच्या तोंडी कोणाचे नाव यावे, हे दंडाने ठरविता येत नाही. या प्रश्नाचा विचार करण्यास फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ हे एक मोलाचे साधन आहे. आजवर त्याचा अभ्यास भाषेच्या आणि छंदाच्या अंगाने पुष्कळ झाला. प्रस्तुत लेखात त्याकडे श्रोत्यांच्या गरजेचा पुरावा म्हणून पाहण्याचा यत्न केला आहे.

१

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. येथे साष्टी म्हणजे मुंबईलगतची नव्हे, तर दक्षिण गोव्यातील साष्टी होय. बारदेश आणि साष्टी हे दोन प्रांत इ. स. १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. धर्मप्रसारासाठी बारदेश फ्रान्सिस्कन पंथीयांकडे, तर साष्टी जेझुइटांकडे सोपविण्यात आली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले, आणि त्याच दशकात साष्टीतील देवळांचा विध्वंस झाला. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. ही नवी स्थाने आदिलशाही मुलखातील अंत्रूज महालात, म्हणजे पोर्तुगीजांच्या हद्दीपलीकडे होती. देवांबरोबर अनेक कुटुंबेही गेली. जी राहिली, त्यांच्यापुढे बाप्तिस्म्यावाचून दुसरा मार्ग क्वचितच उरला. १५६७ च्या प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदूंच्या धर्मग्रंथांवरही बंदी घातली.

या बंदीने काय हिरावले गेले, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. साष्टीतील केळशी गावच्या कृष्णदास शामा याने १५२६ मध्ये ओवीबद्ध ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ रचिली होती. म्हणजे मराठी ओवीतून देवाचे चरित्र रचण्याची आणि ऐकण्याची परंपरा या भूमीत पोर्तुगीज अंमलापूर्वीच रुजलेली होती. ही परंपरा तोडली गेली तेव्हा केवळ एक ग्रंथराशी नष्ट झाली नाही. जन्म, दुःख आणि मृत्यू यांना ज्या कथांच्या साह्याने अर्थ दिला जात असे, त्या कथांचा आधार गेला.

२

थॉमस स्टीफन्स हा मूळचा इंग्लंडातील विल्टशर परगण्याचा. रोम येथे जेझुइट संघात प्रवेश केल्यावर तो एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला. तेथून १६१९ मधील मृत्यूपर्यंतची चाळीस वर्षे त्याने गोव्यात, बहुतांशी साष्टीत, घालविली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले आणि त्याचा सूडही घेतला गेला. स्टीफन्स त्या काळी साष्टीतच होता. आपण ज्या लोकांत राहतो त्यांच्या मनातील जखम त्याला ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही.

त्याचा ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. देशी लिपीत ग्रंथ छापावे अशी त्याची इच्छा होती. १६०८ मधील एका पत्रात तो म्हणतो की, ही अक्षरे युरोपीय वर्णांप्रमाणे चोवीस नसून अवयवयुक्त आहेत, त्यांस सुमारे सहाशे साचे लागतील, आणि हीच मोठी अडचण आहे. पहिल्या आवृत्तीच्या पोर्तुगीज शीर्षकाचा आशय ‘आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयी विवेचन’ असा आहे. ‘पुराण’ हे नाव पुढे रूढ झाले. पहिल्या भागात ३६ व दुसऱ्या भागात ५९ अवस्वर असून ओव्यांची एकूण संख्या अकरा हजारांच्या घरात जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रश्नोत्तररूपाने धर्मतत्त्वे शिकविणारी ‘दौत्रिना’ स्टीफन्सने कोंकणीत, म्हणजे लोकांच्या बोलीत लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली. पण तारकाची कथा सांगताना त्याने मराठीचा आश्रय केला. शिकवण बोलीत आणि पुराण मराठीत हा भेद आकस्मिक नाही. देवाची कथा ज्या भाषेत ऐकावयाची सवय श्रोत्यांच्या कानांस होती, त्याच भाषेत ती आली पाहिजे हे त्याने ओळखले होते.

३

हे त्याला कोणी शिकविले? ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरात त्याचे उत्तर सापडते. धर्मशिक्षणाच्या प्रसंगी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही निषिद्ध केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हांस का देत नाही? ग्रंथाची निर्मिती या पृच्छेचे उत्तर म्हणून झाली, असे कवी सूचित करतो.

यावर आक्षेप येऊ शकतो की, वक्ता आणि श्रोता यांच्या संवादाने आरंभ करणे हा पुराणांचा संकेतच आहे. तेव्हा हा ब्राह्मण कवीच्या कल्पनेतील असेल. तसे असणे शक्य आहे. परंतु संकेताने येणारा श्रोता सहसा जिज्ञासेने विचारतो. हा श्रोता गाऱ्हाणे मांडतो. त्याच्या प्रश्नात नम्रता असली तरी एक आरोपही दडला आहे: तुम्ही घेतलेत, पण भरून दिले नाही. धर्मोपदेशकाने स्वतःच्या ग्रंथाच्या प्रारंभी स्वतःच्याच संघावर येणारा हा आरोप नोंदवावा, यावरून तो त्याच्या कानी वारंवार आला असला पाहिजे असे अनुमान करण्यास हरकत नसावी. दुसरी गोष्ट अशी की, या प्रश्नात सिद्धांताची मागणी नाही. सिद्धांत दौत्रिनेत होताच. मागणी आहे ती कथेची.

४

या मागणीची पूर्ती ग्रंथाने तीन प्रकारे केली असे दिसते.

पहिली पूर्ती काळाच्या आकलनाची. जगाची उत्पत्ती, मनुष्याचे पतन, प्रलय, राजे आणि द्रष्टे यांचे आख्यान पहिल्या पुराणात येते आणि ते सर्व एका प्रतीक्षेकडे वाहते. तारक येणार आहे, पण अद्याप आलेला नाही. युगांच्या गणनेत आणि अवतारांच्या मालिकेत वाढलेल्या श्रोत्याला या रचनेत ओळखीचेही काही होते आणि नवेही. धर्मास ग्लानी आली असता देव उतरतो ही कल्पना त्याला परकी नव्हती. नवे होते ते हे की, हे उतरणे एकदाच आणि सर्वांसाठी घडले. ज्यांचा भूतकाळ अधिकृतपणे खोटा ठरविला गेला होता, त्यांना येथे आरंभापासून अंतापर्यंत सुसंगत असा दुसरा भूतकाळ मिळाला.

दुसरी पूर्ती मुक्तीच्या शब्दांची. स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यास स्टीफन्स कचरला नाही. मुक्ती, मोक्ष, पाप, पुण्य, तारक हे शब्द त्याने तसेच ठेवले. युरोपीय भाषांतून आलेले धर्मविधींचे शब्द त्याच्या ग्रंथात आहेत. पण मनुष्याला ज्याची तहान आहे त्या गोष्टींची नावे देशीच राहिली. त्या नावांमागील अर्थ मात्र हलला. कर्माचे फळ ज्याचे त्याने भोगावयाचे, हा परंपरेचा कठोर नियम. त्यात भक्तिमार्गाने देवाच्या कृपेची वाट आधीच मोकळी केली होती. ख्रिस्तकथेने पुढचे पाऊल टाकले: दुसऱ्याचे ऋण तारकाने स्वतःच्या देहाने फेडले. पापाच्या भयाने दबलेल्या मनाला या आश्वासनाचा आधार वाटावा हे स्वाभाविक आहे. जिची कुलदेवता नदीपलीकडे गेली होती त्या कुटुंबाला आजारपणी, बाळंतपणी हाक मारण्यास कोणी हवेच होते. दुसऱ्या पुराणात रोग्यांस बरे करणारा आणि मृतांस उठविणारा येशू हा या अर्थाने केवळ परलोकीचा नव्हे, तर घरचा रक्षक ठरतो.

तिसरी पूर्ती दुःखाची. आणि माझ्या मते हीच सर्वांत खोल आहे. मराठी भक्तिपरंपरेत देव भक्तासाठी राबतो. तो जनीबरोबर दळतो, चोख्याची ढोरे ओढतो. कृष्ण व्याधाच्या बाणाने देह ठेवतो, ही कथाही श्रोत्यांना माहीत होती. परंतु देवाचे अपमानित होणे, फटके खाणे आणि मरणे हेच तारणाचे साधन आहे, असे तेथे सांगितले जात नाही. दुःखभोगाच्या आख्यानात ते सांगितले गेले. आपल्या देवांच्या मूर्ती फुटताना ज्या समाजाने पाहिल्या, त्याच समाजाच्या पुढच्या पिढ्यांनी स्वतःच भग्न झालेल्या देवाची आणि त्याच्या मृत देहाशेजारी उभ्या असलेल्या आईची कथा ऐकली. या दोन अनुभवांचा सांधा श्रोत्यांच्या मनात जुळला असावा, हे सिद्ध करण्यास कागदपत्र नाही. हे अनुमान आहे. पण पराभूतांना विजयी देवापेक्षा जखमी देव जवळचा वाटतो, एवढे म्हणण्यास मनुष्यस्वभावाची साक्ष पुरेशी आहे.

५

या विवेचनाला एक मर्यादा घातली नाही तर ते समर्थन ठरेल. जी गरज या ग्रंथाने भागविली, ती मोठ्या अंशी त्याच सत्तेने निर्माण केली होती जिच्या छत्राखाली ग्रंथ छापला गेला. तहान लागावी म्हणून विहीर बुजविणे आणि मग पाणी देणे, यांतील दुसरे कृत्य पहिल्याचे क्षालन करीत नाही. पाणी खरे होते, एवढेच इतिहासकाराने म्हणावे.

शिवाय सर्व गरजा भागल्याही नाहीत. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने काढलेल्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती लोकांस अनेक प्रथांची बंदी केली आहे. लग्नातील परंपरागत गाणी, हळद, दारची तुळस, बिनमिठाचा भात, धोतर आणि चोळी यांचीही त्यांत गणना आहे. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही हे सर्व निषिद्ध करावे लागले, याचा अर्थ ते चालू होते. जातिभेदही नव्या धर्मात टिकून राहिला. तारकाने आत्म्याची भूक भागविली तरी घराची, चुलीची आणि कुळाची भूक निराळी होती. ती जुन्याच रीतींनी भागत राहिली.

उलट, जे स्वीकारले गेले ते किती घट्ट धरले गेले याचाही पुरावा आहे. ग्रंथाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज भाषा स्वीकारावी असा हुकूम काढला. छापील प्रती नाहीशा झाल्या. आज त्यांपैकी एकही उपलब्ध नाही. तरी ग्रंथ वाचला, कारण लोकांनी तो हाताने उतरून ठेवला. गोव्याबाहेर दक्षिण कानडा जिल्ह्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्याबरोबर ही हस्तलिखिते नेली. टिपूच्या अमलात, १७८४ ते १७९९ या काळात, त्या समाजाने श्रीरंगपट्टणची कैद भोगली. तरीही त्याच्या परंपरेतील हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांना १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथ संपादित करता आला. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये तो देवनागरीत आणला. सक्तीने दिलेली वस्तू कोणी अशी सांभाळीत नाही.

६

तुलनेसाठी नारायण वामन टिळकांचे उदाहरण पाहावे. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर कोणाची सक्ती नव्हती. उलट त्यापायी त्यांना घर आणि जात यांचा वियोग सोसावा लागला. तरी त्यांनाही तारक हवा होता तो आपल्या भाषेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत, आणि ख्रिस्तभक्तीसाठी त्यांनी अभंग आणि ओवी हेच छंद वापरले. साष्टीचा अनामिक ब्राह्मण आणि टिळक यांच्या परिस्थितीत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एकाची पुराणे काढून घेतली गेली. दुसऱ्याने आपली संतवाणी बरोबर नेली. मागणी मात्र एकच राहिली.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो मर्यादित आहे, पण महत्त्वाचा आहे. दैवी तारकावरील श्रद्धा मनुष्याची आध्यात्मिक गरज भागविते असे सामान्यतः म्हटले जाते. ती गरज कोणती हे उपदेशकाने ठरविले, तोवर ती श्रद्धा साष्टीत पाठ करावयाची प्रश्नोत्तरे राहिली. ज्या दिवशी श्रोत्याने आपली गरज आपल्या शब्दांत सांगितली आणि उपदेशकाने ती ऐकून घेतली, त्या दिवसापासून ती त्या भूमीची झाली. ‘क्रिस्तपुराणा’चे श्रेय स्टीफन्सला देताना, ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही त्या प्रश्नकर्त्यासही त्याचा वाटा दिला पाहिजे.