मोटारीची दुखणी आणि त्यांच्या निदानाचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. परंतु माणूस आपल्या यंत्राचे दुखणे कसे ओळखू लागला, यालाही इतिहास आहे. आणि दाराशी पंचवीस वर्षांची जुनी गाडी बाळगणाऱ्या गृहस्थाला तर तो रोजच्या उपयोगाचा आहे.

पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, इंधन आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने रचलेली बॅटरीवरील ठिणगीची योजना १९१०च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांसाठी स्वीकारली गेली. कॉइल, पॉइंट, डिस्ट्रिब्यूटर आणि प्लग हा तिचा संसार पुढे साठ वर्षे जवळजवळ तसाच चालला. इंधनाचे काम कार्बोरेटरकडे होते. त्या काळचे निदान इंद्रियांचे होते. प्लग काळा पडला तर पेट्रोल जास्त, पांढुरका झाला तर कमी. जेटमध्ये कचरा अडकला तर गाडी धक्के खाई. आपल्याकडील अँबॅसडर आणि पद्मिनी यांवर मेकॅनिकांच्या कित्येक पिढ्या याच विद्येत तयार झाल्या.

इंधन विजेच्या हिशेबाने सोडावे हा विचार बेंडिक्स कंपनीने अमलात आणला आणि क्रायस्लरने १९५८च्या काही गाड्यांत तो वापरलाही. पण उष्णतेपुढे आणि हादऱ्यांपुढे तेव्हाचे विद्युत्‌भाग टिकेनात. त्या कल्पनेला व्यवहारात स्थिर केले ते जर्मनीच्या बॉश कंपनीने. १९६७ साली तिची डी-जेट्रॉनिक योजना फोक्सवॅगनच्या गाडीत आली. येथून इंजिनाला ज्ञानेंद्रिये फुटली. त्यांनाच आपण सेन्सर म्हणतो. उष्णता सांगणाऱ्या सेन्सरचा विद्युत्‌रोध इंजिन तापले की कमी होतो. आता त्याची तार तुटली तर काय होईल? रोध अपरिमित झाला, म्हणजे इंजिन बर्फासारखे गार आहे, असा नियंत्रकाचा समज होतो आणि तो तापल्या इंजिनात भरमसाट पेट्रोल ओततो. धूर निघतो इंधनाचा. दोष असतो तारेचा! निदानशास्त्रात हा गुंता नवा होता.

यंत्रे इतकी गुंतागुंतीची करण्याची गरज का पडली? त्याचे उत्तर लॉस एंजेलिसच्या आकाशात आहे. तेथील डोळे चुरचुरवणारे धुके मोटारींच्या धुरातून आलेल्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनते, हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवून दिले. पुढे कायदे आले, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तीन प्रकारचे विषारी वायू एकाच वेळी निवारायचे, तर वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण काटेकोर राखावे लागते. ते राखण्यासाठी १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर बसला.

हे सारे बिघडले तर ओळखणार कोण? म्हणून यंत्रालाच बोलते केले. प्रारंभी दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजून दोषाचा क्रमांक काढीत. कॅलिफोर्नियाने १९८८च्या गाड्यांपासून अशी स्वयंपरीक्षा आवश्यक केली, आणि १९९६पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना एकाच नमुन्याचे सॉकेट व एकाच भाषेतले क्रमांक आले. भारतात २०१०पासून हीच पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली.

तथापि येथे एक मोठा भ्रम जन्मला. यंत्राने 'पी ०१७१' हा क्रमांक दाखवला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आहे. उतावळा कारागीर लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतो; गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा पेटतो. वास्तविक सेन्सर हा बहुधा साक्षीदार असतो, आरोपी नव्हे. हवेची नळी चिरलेली असेल, पंप थकला असेल, फिल्टर तुंबला असेल. प्रेशर गेज लावून इंधनाचा दाब पाहावा, नळ्या तपासाव्यात, मगच सेन्सरवर संशय घ्यावा.

जुन्या गाडीत तर वायरिंगची झडती आधी घ्यावी. अर्थिंगचा जोड गंजलेला असतो. तारेचा एकच धागा शाबूत असला तरी मल्टिमीटर तिचा रोध ठीक दाखवतो, पण भार पडताच ती कच खाते. म्हणून इंजिन चालू असताना, दिवे आणि पंखा लावून, बॅटरीची ऋण बाजू आणि इंजिनाचा सांगाडा यांमधील व्होल्टेज मोजावे. तेथे अर्ध्या व्होल्टची गळती दिसली, तरी सेन्सरांची साक्ष विश्वासार्ह राहत नाही.

श्रोतेहो, या इतिहासात एक हक्काचा प्रश्नही दडलेला आहे. पूर्वीचे ज्ञान कानात आणि बोटांत होते. ते कुणाला कुलपात ठेवता येत नसे. नव्या यंत्राची भाषा मात्र कंपनीच्या हाती राहिली. म्हणून अमेरिकेच्या १९९०च्या कायद्याने धुराच्या दोषांची माहिती स्वतंत्र कारागिरांनाही देणे बंधनकारक केले, आणि २०१२ साली मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी दुरुस्तीचा हक्क मोठ्या बहुमताने मान्य केला. आपल्या पेठेतल्या गॅरेजवाल्यालाही हा प्रश्न तितकाच लागू आहे. त्याच्या हाती स्कॅनर आला, पण त्या क्रमांकामागची माहिती आली नाही, तर तो भाग बदलणारा हमाल होईल. माहिती मिळाली आणि हवा, इंधन, ठिणगी हा जुना क्रम तो विसरला नाही, तर आपल्या जुन्या गाड्या आणखी कितीतरी वर्षे चालतील. पुढच्या वेळी तो दिवा पेटेल तेव्हा, कोणता भाग बदलला एवढेच न विचारता, तो कशावरून बदलला हेही आपण त्याला अवश्य विचारावे.