चांदणीपासून गाभ्यापर्यंत

पोखर्णी गावी नृसिंहजयंतीच्या रात्री या धूसर चांदणीच्या शोधात निघू नये. वैशाख शुद्ध चतुर्दशीचा चंद्र फिक्या चांदण्या दिसूच देत नाही. पंधरा दिवसांनी, अमावास्येला, रात्री नऊ-दहाच्या सुमारास दिव्यांपासून लांब शेतात उभं राहावं. दक्षिणेकडे चित्रा चांगली वर आलेली असते. तिच्या सरळ खाली, क्षितिजापासून तेवीस-एक अंशांवर, नरतुरंगात एक धूसर ठिपका दिसतो. साधी दुर्बीण लावली तरी तो टोकदार होत नाही. मध्ये उजळ, कडेला विरत गेलेला. हा ओमेगा सेंटॉरी.

टॉलेमीनं त्याला तारा म्हणून नोंदलं. 1603 मध्ये बायरनं ताऱ्यांना देतात तसं ओमेगा हे अक्षर दिलं. 1677 मध्ये सेंट हेलेना बेटावरून पाहताना हॅलीला तो तारा वाटला नाही. 1830च्या दशकात जॉन हर्शेलनं तो गोलाकार तारकागुच्छ ठरवला. सुमारे एक कोटी तारे, अंतर जवळपास 18 हजार प्रकाशवर्षं.

पण गुच्छातले तारे साधारण एकाच वेळी, एकाच वायूतून जन्मतात. इथं लोहाचं प्रमाण ताऱ्यागणिक बदलतं, पिढ्याही अनेक आहेत. म्हणून संशय असा की ही एका छोट्या दीर्घिकेची कोय असावी; भोवतालचा गर आकाशगंगेनं कधीच ओरबाडून नेला.

असाच प्रकार दूरवर सापडला. अश्मंत तारकासमूहातल्या दीर्घिकांच्या गर्दीत, एका महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिकेभोवती, 1999-2000च्या सुमारास काही ठिपके हाती लागले. फोटोत ते आपल्याच आकाशगंगेतल्या ताऱ्यांसारखे दिसत. वर्णपट घेतल्यावर खरं अंतर कळलं: त्या अतिसघन बटुदीर्घिका होत्या. मग कन्या राशीतल्या एम 60 या दीर्घिकेशेजारी अशीच एक मिळाली, व्यास जेमतेम 300 प्रकाशवर्षं. 2014 मध्ये खगोलशास्त्रज्ञ अनिल सेठ आणि सहकाऱ्यांनी तिच्या पोटात 2.1 कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर दाखवलं. आपल्या आकाशगंगेचं कृष्णविवर 40 लाख सूर्यांचं. एवढं मोठं कृष्णविवर बाळगणारी ही मूळची मोठी दीर्घिकाच असणार.

अशी प्रत्येक वस्तू उरलेला गाभाच असते असं नाही. काही नुसतेच फार जड गुच्छ असतील. ओमेगा सेंटॉरीबद्दल मात्र माझी खात्री पटली आहे. 2024 मध्ये, हबल अवकाश दुर्बिणीच्या वीसेक वर्षांच्या छायाचित्रांवरून, त्याच्या मध्याजवळ सात तारे इतक्या वेगानं पळताना आढळले, की तिथं किमान 8,200 सूर्यांचं कृष्णविवर असायला हवं. गुच्छांच्या यादीतून त्याला काढावं आणि दीर्घिकेचा गाभा म्हणूनच मुलांना शिकवावं.