एसेनच्या तोफा आणि एका वकिलाचे भाषण

जर्मनीचे नाव निघाले की आपल्या घरांतून दोन गोष्टींची आठवण होते. एक हिटलरची आणि दुसरी तिथल्या पक्क्या यंत्रांची. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न मुलांनी विचारला तर आपण बहुधा विषय बदलतो. म्हणून एसेन शहरातील क्रुप या कारखान्याची, आणि त्याच्या हावेकडे भर सभागृहात बोट दाखविणाऱ्या समाजवाद्यांची हकीगत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा कारखाना १८११ साली निघाला. संस्थापकाचा मुलगा आल्फ्रेड क्रुप याने आगगाडीच्या चाकांसाठी बिनसांध्याच्या पोलादी धावा तयार केल्या आणि घराण्याचे नशीब उघडले. मुंबईच्या रेल्वे कारखान्यांतून ज्यांनी उमेदीची वर्षे काढली त्या आपल्या वडीलधाऱ्यांना अशा धावेची किंमत सांगावयास नको. पुढे तोफा आल्या आणि धावा मागे पडल्या. आल्फ्रेडने कामगारांसाठी घरे बांधली, स्वस्त मालाची दुकाने काढली, आजारपणाचा फंड आणि पेन्शनही सुरू केले. हे सारे खरे, आणि त्या काळी ते थोडेथोडके नव्हते. पण १८७२ साली त्याने नियमांचे जे पुस्तक काढले त्यात मालकाची आज्ञा आणि कामगाराची निष्ठा यांवाचून दुसरे फारसे काही नव्हते. समाजवादी मंडळींशी संबंध ठेवणाऱ्यास कामावरून काढण्यात येई. नोकरी गेली की घर गेले आणि पेन्शन फंडात भरलेले पैसेही बुडाले. समाजवादी टीका करीत ती नेमकी याच ठिकाणी. कामगाराला डोक्यावर छप्पर द्यायचे, पण त्याच छपराने त्याचे तोंड बंद करायचे! गिरणीच्या चाळीत राहिलेल्या कोणालाही ही युक्ती परकी वाटणार नाही.

१८७८ ते १८९० अशी बारा वर्षे जर्मनीत समाजवाद्यांच्या संघटनांवर व वृत्तपत्रांवर कायद्याने बंदी होती. तरीही १९१२ च्या निवडणुकीत त्यांचे ११० सभासद राइश्टागमध्ये, म्हणजे जर्मन लोकसभेत, निवडून आले आणि तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. त्यांत कार्ल लीबक्नेश्ट हा एक वकील होता. तो पॉट्सडॅम-स्पांडाऊ या मतदारसंघातून, खुद्द कैसरच्या राजवाड्याच्या दारातून, निवडून आला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्रुप कारखान्याचा शतसांवत्सरिक उत्सव मोठ्या थाटात झाला आणि कैसर स्वतः एसेनला आला. पुढे काही महिन्यांतच लीबक्नेश्टच्या हाती टपालाने एक निनावी पाकीट पडले.

पाकिटात क्रुपच्या बर्लिन कचेरीतील गुप्त अहवालांच्या नकला होत्या. या अहवालांना ‘कोर्नवाल्त्सर’ असे सांकेतिक नाव होते. ब्रांट नावाचा क्रुपचा एक माणूस लष्करी खात्यातील लहानसहान अंमलदारांना जेवणे घाली, हातउसने पैसे देई आणि त्या बदल्यात सरकारला कोणत्या तोफा हव्यात, इतर कारखान्यांनी कोणता भाव भरला आहे, हे काढून घेई. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. लीबक्नेश्टने ही कागदपत्रे आधी युद्धमंत्र्याच्या हवाली केली. १८ एप्रिल १९१३ रोजी तो राइश्टागमध्ये उभा राहिला आणि त्याने सारे प्रकरण देशापुढे मांडले. त्याच वेळी त्याने आणखी एक गोष्ट उघड केली. दुसऱ्या एका जर्मन शस्त्र कंपनीने पॅरिसमधील आपल्या माणसास पत्र लिहिले होते, की फ्रान्स आपल्या मशिनगनांची संख्या दुप्पट करणार आहे अशी बातमी तिथल्या पत्रांत छापून येईल असे करा. बातमी खोटी असली तरी चालेल. फ्रान्सची बातमी वाचून जर्मन सरकार घाबरेल आणि जादा मागणी नोंदवील, हा त्यामागचा हिशेब!

लीबक्नेश्टचा मुद्दा लाच खाणाऱ्या चार अंमलदारांपुरता नव्हता. जे देशाभिमानाचा सर्वांत मोठा गजर करतात त्यांचा नफा देशांमधील भीतीवर वाढतो, म्हणून भीती कमी होऊ नये ही त्यांची गरज असते, असे तो सांगत होता. कारकुनाला शिक्षा करून हा रोग जाणार नाही, हेही त्याने बजावले. सरकारी पक्षाने नेमके तेच केले. खटले चालले. ब्रांटला चार महिन्यांची कैद झाली, एका संचालकास दंड झाला, काही लष्करी अंमलदारांना सौम्य शिक्षा झाल्या. कंपनीच्या कारभाऱ्यांचा मुख्य त्या वेळी आल्फ्रेड हुगेनबेर्ग हा होता. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

वर्षभरातच युद्ध पेटले. ४ ऑगस्ट १९१४ रोजी समाजवादी पक्षाने युद्धखर्चाच्या बाजूने मत दिले, हा त्या पक्षाच्या इतिहासावरचा डाग आहे आणि आमच्या मते तो पुसता येणार नाही. पक्षाचा यहूदी अध्यक्ष हूगो हासे आतल्या बैठकीत विरोधात होता, तरी पक्षशिस्त म्हणून पाठिंब्याचे निवेदन त्यालाच वाचावे लागले. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा मतदान झाले तेव्हा लीबक्नेश्टने एकट्याने विरोधी मत दिले. त्याच्या बरोबरीने लढणारी रोझा लुक्सेंबुर्ग पोलंडातील यहूदी घराण्यातली. १५ जानेवारी १९१९ रोजी बर्लिनमध्ये सैनिकांनी दोघांना एकाच रात्री ठार केले. त्याच वर्षाच्या अखेरीस हासेही गोळीच्या जखमांनी मरण पावला.

क्रुपचे मात्र दोन्ही डगरींवर हात होते. मेसोपोटेमियात आपल्या मराठा पलटणी ज्या तुर्कांशी लढत होत्या त्यांच्या तोफखान्यात क्रुपच्या तोफा होत्या. उलट इंग्रजांची व्हिकर्स कंपनी आपल्या तोफगोळ्यांसाठी क्रुपच्या परवान्याने फ्यूज बनवीत होती. ते गोळे जर्मन शिपायांवरच पडले. युद्ध संपल्यावर क्रुपने व्हिकर्सकडे दर फ्यूजमागे परवान्याचे पैसे मागितले आणि १९२६ साली तडजोडीने रक्कम पदरात पाडून घेतली. लीबक्नेश्ट तेव्हा हयात असता तर त्याला भाषणाची तयारीसुद्धा करावी लागली नसती.

आता हुगेनबेर्ग. क्रुपमधून बाहेर पडून त्याने वृत्तपत्रे आणि चित्रपट कंपन्या काबीज केल्या, आणि ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळात तो अर्थमंत्री झाला. २० फेब्रुवारीस गोरिंगच्या निवासस्थानी बड्या उद्योगपतींची बैठक भरली. हिटलरने त्यांना सांगितले की लोकशाहीत खाजगी उद्योग टिकणार नाही. उपस्थितांच्या वतीने आभार मानले गुस्टाव्ह क्रुपने, आणि मग निवडणुकीसाठी लाखो मार्कांची वर्गणी जमली. काही महिन्यांतच कामगार संघटना मोडण्यात आल्या आणि समाजवादी छळछावण्यांत गेले. क्रुप आधीपासून नाझी नव्हता, त्याला पूर्वी हिटलर आवडतही नव्हता, असे त्याचे कैवारी म्हणतात. ते खरे आहे. पण संप करणारे नाहीसे होतात आणि तोफांची मागणी येते म्हटल्यावर आवडनिवड फार दिवस टिकली नाही.

युद्धकाळात क्रुपच्या निरनिराळ्या कारखान्यांत एक लाखाच्या घरात परदेशी मजूर, युद्धकैदी आणि छावणीतील कैदी राबविले गेले. १९४४ च्या उन्हाळ्यात हंगेरीच्या सुमारे पाचशे यहूदी मुली व स्त्रिया आउश्वित्सहून निघून अखेर एसेनला आल्या. हुम्बोल्टश्ट्रासेवरील छावणीतून त्या पोलादाच्या कामावर जात. पायांत धड पादत्राणे नव्हती. बॉम्बहल्ल्यांत बराकी जळाल्यावर त्या तळघरात राहिल्या. प्रत्येक स्त्रीच्या दर दिवसाच्या कामाचे पैसे कंपनी एस.एस.ला मोजत होती. मार्च १९४५ मध्ये त्यांना एसेनहून हलविण्यात आले तेव्हा सहाजणी निसटल्या. त्यांना एसेनच्याच काही रहिवाशांनी जीव धोक्यात घालून लपविले. ही माणसे साधीसुधी होती. हेही आपल्या मुलांस सांगावयास हवे.

न्यूरेंबर्गला १९४८ साली गुस्टाव्हचा मुलगा आल्फ्रीड क्रुप याला बारा वर्षांची कैद आणि मालमत्ता जप्तीची शिक्षा झाली. १९५१ च्या आरंभी अमेरिकन हायकमिशनर मॅक्क्लॉय याने त्याला सोडले आणि मालमत्ताही परत दिली. शीतयुद्धात पोलाद हवे होते. १९५९ साली यहूदी संघटनांशी करार झाला. गुलामीत राबलेल्या प्रत्येक यहूदी कैद्यास पाच हजार मार्कांपर्यंत रक्कम द्यावयाची, एकूण आकडा एक कोटी मार्कांच्या वर जाऊ द्यावयाचा नाही, आणि कायदेशीर जबाबदारी मात्र कबूल करावयाची नाही, असा तो करार. अर्ज अपेक्षेपेक्षा अधिक आले आणि दरेकाच्या वाट्याची रक्कम घटली. स्वतःला समाजवादी म्हणविणाऱ्या पूर्व जर्मनीने तर इस्राएलला नुकसानभरपाई म्हणून काहीच दिले नाही. आपली जबाबदारी तिने १९९० साली, मरता मरता, कबूल केली. तेव्हा समाजवादाची पाटी दारावर लावली म्हणजे आत न्याय नांदतो असे समजू नये.

जर्मन सरकार व उद्योगांनी मिळून दहा अब्ज मार्कांचा निधी उभारला तो २००० साली. तोवर त्या मुलींपैकी ज्या जिवंत होत्या त्या सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. क्रुप कंपनी १९९९ साली टिसेन कंपनीत मिसळून गेली. पुढे २००५ साली कील येथील जी गोदी या जोड-कंपनीकडे आली, तिथेच इस्राएलच्या आरमाराच्या पाणबुड्या बांधल्या गेल्या आहेत. पाणबुड्या व नौकांच्या या खरेदीच्या व्यवहाराची चौकशी करण्यासाठी इस्राएल सरकारने २०२२ साली चौकशी आयोग नेमला.