फुगेरायची घरे
जर्मनीतील आउग्सबुर्ग नगरीत याकोब फुगर ह्या सावकाराने १५२१ साली दानपत्र करून गरीब कारागिरांस वसाहत दिली, तीच फुगेराय. ह्याच फुगरांच्या पेढीने पापदंडमाफीच्या पत्रांचा पैसाही हाताळला होता, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. भाडे वर्षाला एक गिल्डर. आजच्या नाण्यात ८८ सेंट. मात्र राहणारा त्याच नगरीचा, कॅथलिक व गरजू असावा, आणि दात्याच्या कुळासाठी त्याने रोज ‘हे आमच्या बापा’, ‘नमो मरिया’ व विश्वासांगीकार म्हणावा. १९४४ च्या बाँबवर्षावात वसाहत उद्ध्वस्तप्राय झाली. ती पुन्हा बांधली, भाडे वाढविले नाही. आम्हांस विशेष भावतात ती तेथील दारे. प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र दार, आणि घंटेची मूठ निरनिराळ्या आकाराची. काळोखात दमून आलेल्या मजुरास ती चाचपून आपले घर ओळखता येई. मोझार्टचा पणजा फ्रान्झ, धंद्याने गवंडी, येथेच राहत असे.