बाराखडी, फोनिक्स आणि ‘पानी’

नवी मुंबईत हल्ली जिकडेतिकडे फोनिक्सच्या क्लासच्या पाट्या दिसतात. आमचं महापेही त्याला अपवाद नाही. अक्षराचं नाव नंतर, उच्चार आधी. मग उच्चाराला उच्चार जोडला की शब्द तयार. आयांना वाटतं, काहीतरी विलायती नवं आलं. मला मात्र गंमत वाटते. आपल्या ‘क’चं नावही क आणि उच्चारही क. इंग्रजीत २६ अक्षरांवर चाळीसहून अधिक उच्चार बसवायचे, त्यातही ‘ई’ आणि ‘ए’ ही जोडी ब्रेडमध्ये एक बोलते आणि चहाच्या ‘टी’मध्ये दुसरंच! त्यांना फोनिक्स लागणारच. आपल्याकडे तेच काम बाराखडी करत आली आहे, आणि तीही थोड्याथोडक्या वर्षांपासून नव्हे.

बाराखडी म्हणजे बारा-अक्षरी. एका व्यंजनाला अ ते अः असे बारा स्वर क्रमाने लावायचे. सातव्या शतकात ह्युएनत्संग भारतात आला (पुलकेशीच्या काळात तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला), त्याने लिहून ठेवलंय की इथल्या मुलांचं शिक्षण ‘बारा प्रकरणां’पासून सुरू होतं. त्याच्यानंतर आलेला इत्सिंग सांगतो की मुलं सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ घेतात आणि सहा महिन्यांत पुरं करतात. आपल्या पंतोजींच्या शाळेतलं ‘ओनामासीधं’ म्हणजे याच ‘ॐ नमः सिद्धम्’चं झिजलेलं रूप. धुळपाटीवर बोट फिरवायचं आणि मोठ्याने म्हणायचं.

आता खरी मेख इथे आहे. आपण म्हणायचो काय? ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि.’ काना, मात्रा, वेलांटी ही रेघांची नावं, उच्चार नव्हेत. म्हणजे मूळ रचना उच्चाराची आणि पाठांतर रेघांचं. मूल सुरात अख्खी बाराखडी म्हणतं, पण मधल्याच ‘कु’वर बोट ठेवून विचारा, ते पुन्हा ‘क’पासून सुरुवात करतं. पहिलीला शिकवलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असणार.

त्यात ती पहिली वेलांटी. ‘कि’मध्ये ऐकू येतं क आधी, इ नंतर, लिहायचं मात्र उलट. १९५३ साली लखनौला लिपीसुधारणेची परिषद भरली, तिने ही वेलांटी उचलून उजवीकडे नेली होती. लोकांना ते काही रुचलं नाही आणि निर्णय मागे घेतला गेला. मोठ्यांच्या डोळ्यांना सवय झालेली असते. अडखळतं ते सहा वर्षांचं पोर, आणि परिषदेत त्याला मत नसतं. सावरकरांनी तर ‘अ’लाच बाराखडी लावून अि, अी, अु, अू असं लिहायला सुचवलं होतं. मुलांच्या दृष्टीने कल्पना वाईट नव्हती असं माझं मत. असो.

ऐ आणि औ यांना व्याकरणात संयुक्त स्वर म्हणतात, पण त्यांची जोडणी वर्गात कोणी उलगडून दाखवत नाही. मूल ‘पैसा’ला ‘पइसा’ आणि ‘कौल’ला ‘कउल’ लिहितं, तेव्हा त्याचा कान अगदी बरोबर असतो. ‘अ-इ, अ-इ’ भरभर म्हणायला लावा, ऐ आपोआप तयार होतो. ही झाली स्वरांची जोडणी, आणि त्याला दोन मिनिटं लागतात.

हे उच्चाराचं सूत्र ताराबाई मोडकांनी नेमकं ओळखलं होतं. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला त्यांनी माँटेसोरींची पद्धत आत्मसात केली. त्या पद्धतीत खरखरीत कागदाच्या अक्षरावर बोट फिरवताना त्याचा उच्चार करायचा. पुढे १९४५ साली बोर्डीला अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्यांनी काम सुरू केलं, मग कोसबाडला. शिंपले, खडे, पानं हीच तिथली साधनं, आणि समोर वारली मुलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन काढलं. त्यांनी वर्णमालेचा क्रमच बाजूला ठेवला. थोडी व्यंजनं, त्यांच्याबरोबरच एखाददुसरं स्वरचिन्ह, आणि लगेच अर्थाचे शब्द. सबंध बाराखडी संपायची वाट बघायची नाही.

सरकारनेही उच्चाराला एकदा मान दिला. ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत आले, आणि बाराखडीची चौदाखडी झाली. बॅट आणि बॉल मुलं रोज खेळत होतीच, वर्णमालेत ते उशिरा पोचले.

पण उच्चार म्हणजे कोणाचा उच्चार? महापे, घणसोली, कोपरखैरणे ही मुळात आगरी गावं. कारखाने आले, सिडको आली, गावं शहराच्या पोटात गेली, तरी घरात बोली टिकून आहे. तिथे पाणी म्हणजे ‘पानी’, डोळा म्हणजे ‘डोला’, घोडा म्हणजे ‘घोरा’. ऐकू येतं तसं लिही, असं सांगितल्यावर आगरी मूल ‘पानी’ लिहितं आणि लाल शाईची फुली खातं. फोनिक्सच्या हिशेबाने त्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत! अशा दोन-चार फुल्या पडल्या की मूल लिहिणं टाळतं, मग बोलणंही. ‘अशुद्ध’ हा शब्द पहिलीच्या वर्गात उच्चारूच नये.

मी ‘पानी’ला बरोबरची खूण करत असे आणि शेजारी ‘पाणी’ लिहीत असे. घरी हे, पुस्तकात ते. आणि ‘ण’ येईना तर वर्णमालाच मदतीला येते, कारण ती तोंडाचा नकाशाच आहे. मुलाला ‘ट’ म्हणायला लावायचं, जीभ वर वळली की ती तिथेच ठेवून नाकातून आवाज काढायला सांगायचं. ण हजर! ‘ळ’ बिचारा ‘ह’च्याही मागे एकटा उभा. त्याला ओळीतले शेजारी नाहीत. त्यासाठी मी वेल आणि वेळ, गोपाळकाल्यातला काला आणि रंगातला काळा अशा जोड्या घेत असे. डोळे मिटून ऐकायचं, आणि कोणता शब्द आला ते हात वर करून सांगायचं. आधी कानाला फरक कळू द्यायचा, जीभ पंधरा दिवसांनी मागून येते.