ध्वनिफीत, मैफल आणि श्रोत्याची स्मृती : हेवी मेटल संगीताच्या इतिहासाचे एक साधन

कोल्हापूरच्या संगीतेतिहासात श्रोत्याच्या आठवणींना साधनाचे स्थान पूर्वीच प्राप्त झाले आहे. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) यांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. त्यांच्या गायकीचे स्वरूप शिष्यपरंपरेवरून आणि गोविंदराव टेंबे यांच्या ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) सारख्या ग्रंथांवरून जाणावे लागते. हेवी मेटल या पाश्चात्त्य संगीतप्रकाराची महाराष्ट्रातील स्थिती याच्या नेमकी उलट आहे. येथे ध्वनिमुद्रणे विपुल आहेत. उणीव आहे ती श्रोत्यांच्या साक्षीची.

या संगीताचा उगम इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाला. ‘ब्लॅक सॅबथ’ या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली प्रसिद्ध झाली. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली होती. त्यामुळे त्याला हलक्या तारा वापराव्या लागल्या. पुढे त्याने तारा खालच्या स्वरात उतरविल्या आणि या संगीताचा जड, गंभीर नाद त्यातून घडत गेला.

महाराष्ट्रात हे संगीत प्रामुख्याने कॅसेटच्या रूपाने पसरले. मुंबईत काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाऊस’सारखी दुकाने होती, आणि १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव धोबी तलावाजवळच्या रंगभवनात दीर्घकाळ भरत असे. परंतु तेथेही बहुतांशी स्थानिक वृंदच वादन करीत. मूळ परदेशी वृंद प्रत्यक्ष ऐकण्याचा योग क्वचितच येई. कागल तालुक्यातील बिद्रीसारख्या, साखर कारखान्यामुळे परिचित असलेल्या गावापासून तर मुंबईच सुमारे ४०० किलोमीटर दूर. अशा ठिकाणच्या कुमारवयीन श्रोत्याला रंगभवनही दुर्लभ. त्याला हे संगीत लाभायचे ते हातोहात फिरणाऱ्या कॅसेटमधूनच. म्हणजे दरबारी परंपरेत बैठक प्रथम व मुद्रण नंतर, तर येथे मुद्रण प्रथम आणि मैफल, लाभलीच तर, अनेक वर्षांनी, असा क्रम दिसतो.

या विलंबाचे ठळक उदाहरण ‘आयर्न मेडन’ या इंग्लिश वृंदाचे होय. ‘लिव्ह आफ्टर डेथ’ (१९८५) हे त्याच्या प्रत्यक्ष मैफलींचे मुद्रण. त्यात टाळ्या व आरोळ्याही ऐकू येत. मंच मात्र वेष्टनावरील चित्रांवरून कल्पावा लागे. ता. १ फेब्रुवारी २००८ रोजी याच वृंदाने आपल्या जागतिक दौऱ्याचा आरंभ मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील मैफलीने केला. या दौऱ्यासाठी १९८४-८५ च्या दौऱ्यातील प्राचीन मिसरी धर्तीचा मंच नव्याने उभारला होता. १९८५ साली सोळा वर्षांचा असलेला श्रोता त्या वेळी एकोणचाळीस वर्षांचा झाला होता. त्याच्या दृष्टीने ती मैफल नवा अनुभव नव्हती. कानांनी तेवीस वर्षे जे जपले, ते डोळ्यांनी पडताळून पाहणे होते.

अशा आठवणी साधन म्हणून वापरताना सावधगिरी अवश्य आहे. कॅसेट कोणाकडून मिळाली, घरातील वडीलधाऱ्यांनी आवाज कमी करण्यास कसे बजावले, हे तपशील स्मृतीत दीर्घकाळ टिकतात. साल मात्र सहज सरकते. ‘मेटालिका’ वृंदाची त्याच नावाची ध्वनिमुद्रिका १९९१ ची आहे. ती १९८९ मध्ये शाळेत ऐकल्याचे कोणी सांगितल्यास कालनिर्देश त्याज्य ठरेल, पण अनुभव खोटा ठरणार नाही. प्रकाशनवर्ष हे स्मृतीची पूर्वमर्यादा दाखविते. भारतीय प्रत हाती येण्यास त्यानंतरही काळ जात असे.

हे साधन वेगाने क्षीण होत आहे. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातील मैफली बंद पडल्या. ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ साली बंद झाले. चुंबकीय फितीही कालांतराने निकामी होतात. मूळ मुद्रणे अन्यत्र सुरक्षित राहतील. परंतु ती येथे कोणी, कोणत्या वयात व कशा रीतीने ऐकली, हे केवळ त्या श्रोत्यांनाच ठाऊक आहे. अल्लादियाखाँच्या काळाला टेंब्यांसारखा जाणता श्रोता-लेखक लाभला. कॅसेटच्या काळातील श्रोते आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी नोंदविण्याचे काम आताच हाती घेतले पाहिजे.